राज्यमार्गावरचं खळं

गौरम्माने राज्यमार्गावर वेल-शेंगांसकट उडीद पसरला होता. अर्ध्या नव्हे, अख्ख्या रस्त्यावर. आणि स्वतः कडेला पोत्यावर काठी घेऊन बसली होती.

रस्त्याचं काम बघणारा इंजिनिअर शिवानंद जीपमधून उतरला तो तोंड वाकडं करूनच. थोड्या वेळात मंत्री येणार, पुढच्या गावात नव्या डांबराची फीत कापणार, आणि नेमकी इथे ही म्हातारी.

"आजी, उचला हे. पाहुणे यायच्या आत रस्ता मोकळा पाहिजे."

"आभाळ बघितलंस का, तम्मा?" गौरम्माने त्याला कानडीत धाकटा भाऊ केलं, पण ती जागची हलली नाही. "दोन सरी पडल्या की शेंगेतच मोड येत्यात. सगळ्या हंगामाचं पीक हाय हे. जरा गाड्या फिरल्या की मळून हुतंय."

"मळणीला खळं असतं. हा राज्यमार्ग आहे."

आता हे काही बोलायचं होतं? मैंदर्गीकडून निघून कर्नाटकच्या शिवेपाशी संपणारा हा एवढासा रस्ता आधी नुसती गाडीवाट होती. बहात्तरच्या दुष्काळात ती रुंद केली, तेव्हा गौरम्माच्या सासऱ्याचं खळं त्या वाटेखाली गेलं. त्याच कामावर खडी फोडायला गौरम्माच होती, नवी नवरी. पुढे डांबर आलं, नंबराची पाटी आली, यंदा रुंदी वाढली आणि बांधावरचे कडुलिंबही गेले.

"खळं कुटं हाय इचारतोस व्हय?" तिने काठी डांबरावर आपटली. "हितं हाय. ह्याच्या खाली. तू काढून दे, मी तितं मळते."

शिवानंदचं डोकं फिरलं. त्याने मागे उभ्या जेसीबीच्या ड्रायव्हरला हाक मारली. "सयाजी, ढकल हे सगळं चरीत."

सयाजी खाली उतरला. उडदावर पाय ठेवणार तोच थबकला, चपला काढून बाजूला ठेवल्या. खळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"सायेब, माज्यानं न्हाय व्हायचं."

"मग किल्ली दे इकडे."

गौरम्मा उठली. थेट उडदाच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसली.

"घे किल्ली. मला धरूनच ढकल. रस्ता मोकळा झाला म्हणून सांग तुज्या पाहुण्याला."

शिवानंद किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिला. तेवढ्यात वळणावर सायरन ऐकू आला. आता काही करायला वेळच उरला नव्हता. गौरम्माला मात्र उभारी आली. ती लगबगीने कडेला आली, पदर खोचला आणि येणाऱ्या गाड्यांना काठीने खुणा करू लागली. मधून या, सावकाश, कडेच्या शेंगा सोडू नका.

मंत्र्यांचा ताफा उडदावरून गेला. मोठमोठ्या पांढऱ्या गाड्या, एकामागून एक. शेंगा तडतडल्या. एका काचेआडून कुणीतरी तिला नमस्कार केला. तिने तो घेतला.

ताफा गेल्यावर तिने वेल उलटे करायला घेतले. मूठभर उडीद उचलून फुंकला, हातावर खेळवून बघितला. शिवानंद अजून तिथेच होता.

"तम्मा," ती म्हणाली, "निम्म्या शेंगा ऱ्हायल्यात बघ. माघारी बी हिकडनंच जात्यात न्हवं?"