बावीस नंबरची पाटी

डॉक्टरची बोटं नेमेनच्या गळ्यावरून फिरत होती, ती डाव्या बाजूला थांबली. त्याने दाबून पाहिलं, मग पुन्हा दाबलं.

"थुंकी गिळा," दुभाष्या टोमेंग म्हणाला.

तिने गिळली. छातीशी धरलेली बावीस नंबरची पाटी घामाने ओली झाली होती. देवा, गाठ नको! गेल्या वर्षी ज्यांच्या गळ्यात गाठी निघाल्या त्यांना जहाजात घालून पार अमेरिकेला नेलं, गळे कापले आणि जन्मभराच्या गोळ्या हातात देऊन परत आणून सोडलं.

 कागद पुढे ओढून डॉक्टरने नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"बॉम्बची राख पडली त्या दिवशी काय झालं?"

"पांढरी पूड पडली, पिठासारखी. मुलं त्यात खेळली. संध्याकाळी अंगाची आग आग झाली." नेमेनने घडाघडा म्हणून दाखवलं. सहा वर्षांत त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

"किती मुलं पोटातच गेली?"

"तीन."

मग त्याने तिचा उजवा पाय उजेडात धरला आणि एकदम खूश झाला.

"भाजल्याचा डाग साफ गेला म्हणे! काय लावता, विचारतायत साहेब."

"खोबरेल."

साहेबाने तेही लिहून घेतलं. आणि मान वर न करताच पुढचं सांगितलं.

"गाठ आहे, बाई," टोमेंग म्हणाला. "सोमवारी जहाज निघतंय. कपडे बांधून ठेवा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

टोमेंगने ते डॉक्टरला विचारलंच नाही. "अहो, राख पाडताना तरी विचारलं होतं का यांनी?"

तंबूबाहेर दोन रांगा होत्या. एक राखेतल्या माणसांची, गप्प. दुसरी मागून आलेल्यांची. राखेनंतर तीन वर्षांनी, बेट आता स्वच्छ झालंय असं सांगून ज्यांना आणलं त्यांची. तिथे हसणं-खिदळणं चाललं होतं. त्यांना कसली धास्ती? डॉक्टरला ती हवी होती नुसती राखेतल्यांशी ताडून बघायला. तुम्ही ठणठणीत, असं तो त्यांना दरवर्षी सांगायचा.

"झालीस ना गं पास?" त्या रांगेतल्या एकीने डोळा घातला.

नेमेन न थांबता पुढे गेली. 

घरापुढे तिची थोरली बहीण लिजोन केवड्याच्या पानांची चटई विणत बसली होती. बाजूला टोपात फणस शिजत होता.

"आज बराच वेळ लावला त्यांनी?"

"ही घे तुझी पाटी, ताई." नेमेन मटकन खाली बसली. "गाठ निघाली."

लिजोनच्या हातातली पात सुटली. राखेनंतर बेटावरून हलवलेल्यांना परत आणलं त्या पहिल्याच वर्षी त्यांनी तिला उघडं उभं करून फोटो काढले होते. तेव्हापासून तिने त्या तंबूत पाऊल टाकलं नव्हतं; तिच्या नावाने नेमेनच जायची. तिने दोन्ही हातांनी स्वतःचा गळा चाचपला, डावीकडून, उजवीकडून.

"मला तर काहीच लागत नाही गं."

"तुझ्या नाही. माझ्या गळ्यात."

 उजव्या पायावरचा काळा डाग खाजवायला गेलेला लिजोनचा हात थांबला. तिने एकदा टोपातल्या फणसाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे.

"पण नेमेन, तू तर बेट स्वच्छ झाल्यावर आलीस ना?"