घरचं वायफाय

बायकोच्या फोनवर व्हीपीएन, म्हणजे आपण नेटवर काय बघतो ते वायफायवाल्याला दिसू न देणारं ॲप, त्यानंच बसवून दिलं होतं. नेटवर्क इंजिनिअरच तो. कधी लावायचं, कधी नाही, हे समजावता समजावता त्याच्या तोंडाला फेस आला होता. आज जेवताना तिच्या फोनवर ते पुन्हा चालू दिसलं आणि त्यानं हातातला घास खाली ठेवला.

“अगं, किती वेळा सांगू? बाहेरच्या, परक्या वायफायवर लावायचं असतं ते. तिथे तू खुशाल बंद ठेवतेस आणि घरी आलीस की चालू! घरात कसली भीती? इथल्या नेटवर मी स्वतः लक्ष ठेवतो.”

तिनं पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

“बाहेरचे लोक निदान जेवताना विचारत तरी नाहीत,” ती म्हणाली, “दुपारी काय वाचत होतीस म्हणून.”