भरलेली बाकं

दवाखान्यात मुलीच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावर नव्याण्णवचा आकडा उमटला आणि आत्याच्या जिवात जीव आला.

"बघ वहिनी, उगाच पाचावर धारण बसली होती आपली. गालांवर रंगसुद्धा कसा छान आलाय."

आईला तो रंगच बघवत नव्हता. तिचं सगळं आयुष्य शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं होतं. कोंडलेल्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर जळत राहिला की कुठला वायू तयार होतो, आणि तो रक्तात शिरला की माणूस असा गुलाबी दिसू शकतो, हे तिला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग? गारवा येतो म्हणून सकाळी मुलीच्या आंघोळीआधी खिडकी तिनेच लावली होती. दवाखान्याच्या कागदावर आत्याने 'चक्कर येऊन पडली' असं लिहिलं, आणि ते खोडायचा आईला धीर झाला नव्हता.

नर्स आली. भिंतीवर नियम चिकटवलेला होता: पंच्याण्णवच्या वर गेलं की ऑक्सिजन बंद. तिने मुलीच्या तोंडावरच्या मास्ककडे हात नेला.

"नको, काढू नकोस."

"बाई, नव्याण्णव आहे. आणि ती सारखी ओढतेय तो."

बाई म्हटल्यावर आईने तिच्याकडे नीट पाहिलं. दहावीच्या वर्गातली, खिडकीजवळ बसणारी.

"तो बाकांचा खेळ आठवतो?"

नर्सला आठवला. बाई मुलींना दोन गटांत वाटायच्या. बाकं थोडी, मुली जास्त. सतत कुणीतरी उठायचं, कुणीतरी बसायचं. बाकं मात्र कायम भरलेली. ज्या गटाची दारात गर्दी जास्त, त्याच्या मुली हळूहळू बाकांवर जास्त दिसायला लागायच्या.

"मी त्या धड्यात नापास झाले होते, बाई."

"होऊ दे. हे यंत्र रक्तातली भरलेली बाकं मोजतं. बसलंय कोण, ते त्याला कळत नाही." आईचा आवाज फाटला. "गीझरचा वायू बसलाय. खिडकी मी लावली होती. मीच."

आत्याने तोंडावर हात ठेवला. नर्सचा हात मास्कवरच थांबला.

"मग तो उठतच नाही का?"

"उठतो. चिकट आहे मेला, पण उठतो. उठला की जागा धरायला दारात ऑक्सिजनची गर्दी हवी. मास्क काढलास तर गर्दी पांगेल आणि तो परत बसेल."

नर्सने मास्क घट्ट केला, सिलिंडरची चावी पूर्ण उघडली आणि डॉक्टरांना बोलवायला पळत गेली.

डॉक्टरांनी ऐकलं, रक्त तपासायला पाठवलं, मास्क अजिबात हलवू नका म्हणाले. मग बसून राहण्याखेरीज काही उरलं नाही. आई बसलीही नाही. दोन्ही बाजूंनी चालणारी क्रिया, असं ती फळ्यावर इतकी वर्षं लिहीत आली होती. परत फिरायला किती वेळ लागतो, तेही सांगायची. तेवढा वेळ मेंदू कळ काढतो का, हे कुठल्याच मुलीने कधी विचारलं नव्हतं. आता ते तिला स्वतःलाच विचारावं लागत होतं. आत्या तिच्याकडे पाठ करून मुलीच्या उशाशी बसली होती.

दीड तास गेला. एकदम आत्या किंचाळलीच.

"वहिनी, अगं रंग उतरला हिचा. पांढरी पडली पोरगी."

आई वाकली. गालांवरचा गुलाबी खरंच गेला होता, म्हणजे वायू उठत होता. मास्कच्या आतून कुरकुर आली, "आई, डोकं फुटतंय माझं."

आई पहिल्यांदाच स्टुलावर टेकली. आत्याने तिचा हात आपल्या हातात घेतला, तेव्हा तिला रडू फुटलं. नर्सने धावत येऊन चिमट्याकडे पाहिलं.

नव्याण्णव.