बिनआवाजाची पिकअप

"काल तुम्ही आलात कधी नि गेलात कधी?" रिकामं ताट नाचवत सुगंधावहिनी माझ्यावरच ओरडल्या. त्यांची मांजरंसुद्धा उठली नव्हती. माझे बांगडे टोपल्यांसकट परत गेले होते.

माझ्या म्हाताऱ्या पिकअपला जुळणारं इंजिन शोधायला मेस्त्रीने पार कोल्हापुरापर्यंतची भंगाराची दुकानं पालथी घातली होती. बसवल्यावर म्हणाला, "बघ, आवाज तरी येतोय का?"

तोच तर येत नव्हता! जुनं इंजिन चढावर धापा टाकायचं, पण त्याची धडधड ऐकूनच वाडीतल्या बायका ताटं घेऊन रस्त्यावर यायच्या.

"मग भोंगा लाव," मेस्त्री वैतागला.

"भोंगा पाववालाही वाजवतो. मला माझं जुनंच इंजिन दे."

शेवटी दोन्ही ठेवली. आता नवं इंजिन गाडी ओढतं, आणि जुनं मागे टोपल्यांशेजारी बसून गिऱ्हाइकांना हाका मारतं.