कातरीनचे हातमोजे

शेठच्या काचेच्या टाकीत खारं पाणी आणि डंख मारणारी समुद्रफुलं. टाकी घासून माझे हात सुजले, तरी शेठचं एकच, लढाईच्या दिवसांत रबर कुठून आणू? भांडले तेव्हा कुठे रबरी हातमोजे मिळाले. आता रोज बघावं तर ते आतून ओले आणि कोमट.

"माझे मोजे तूच घालतेस ना?" मी स्वयंपाकीण जिजाबाईला विचारलं.

"त्या टाकीत मी बोट पण घालणार न्हाय, कातरीन," ती फणकारली.

काल मोजे उत्तनला घरी नेले, उलटे करून बोंबलांशेजारी वलांडीच्या बांबूवर कडक वाळवले आणि उशाखाली ठेवून निजले. आज टाकीपाशी येऊन रागारागातच हात मोज्यात खुपसला.

आतल्या बोटांनी जरा सरकून जागा दिली.