समोरचा बाक

बेसबॉलच्या सामन्यात पाचव्या डावाआधी मॅनेजर डेलने कोल्बीच्या हातातला चेंडू काढून घेतला. कोल्बीचा खांदा दुखत नव्हता. चेंडू तर असा सुटत होता, की समोरच्या संघाचा तो दांडगा फलंदाज दोनदा हवेत बॅट फिरवून परतला होता.

"काय चुकलं माझं?"

"काही नाही. बूट सोड."

मग कॅचर रेइनाल्डोने त्याला मिठी मारली. मग सगळ्यांनीच. छोट्या लीगमध्ये भर सामन्यात मिठ्या पडल्या, की समजायचं गडी चालला. वर मोठ्या लीगमध्ये की दुसऱ्या क्लबाकडे, ते मिठीवरून कळत नाही. वरच्या एका बोलावण्यासाठी सहा वर्षं कोल्बी बसमधून अर्धं ओहायो पालथं घालत होता. मोठ्या क्लबांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा तो देशात तिसरा आला होता. गावोगावचे लोक तेवढ्यासाठीच त्याला बघायला यायचे आणि 'हाच का तो?' म्हणत हॉट डॉग संपवून घरी जायचे.

"वर ना?" त्याने रेइनाल्डोला विचारलं.

"मला काय माहीत, गाढवा? डेलचे डोळे ओले दिसले, म्हणून मारली मिठी."

डेल खाकरला. "वर नाही रे बाळा. अदलाबदल झालीय तुझी."

"बदल्यात कोण?"

"ते ठरायचंय. नाव मागाहून कळवणार म्हणे."

रडावं की हसावं, कोल्बीला कळेना. लाज मात्र सपाटून वाटली.

"बस कितीची आहे?"

डेलने मैदानापलीकडे बोट दाखवलं. "बस कशाला? समोरच्या बाकावर जायचंय."

बॅग खांद्याला लावून तो निघाला. टाळ्या वाजवाव्यात की हुर्यो करावी, प्रेक्षकांनाही कळेना. काहींनी दोन्ही केलं. पलीकडच्या बाकावर नेमका तो दांडगा बसला होता. हा आता आपल्याला हाणतो की काय, असं कोल्बीला वाटलं. दांडग्याने सरकून जागा दिली.

"मी तिसरा आलो होतो, म्हणून घेतलंत ना मला?" कोल्बीने विचारलं.

"कशात तिसरा?" दांडगा म्हणाला. "आमच्या कोचने आत्ता सामना चालू असताना वर फोन लावला. म्हणाला, हा समोर असला तर आपण मेलो. काय वाट्टेल ते द्या, पण याला इकडे आणून बसवा."