बुधवार, चार ते सहा

“तू एकटा पुरत नव्हतास, म्हणून दोन आणलेस का?” बायकोने विचारलं.

रेकॉर्डिस्टने स्क्रीनकडे पाहिलं. त्याची प्रत्येक ड्यूटी दोनदा दिसत होती. सकाळच्या बातम्या दोनदा, नाटुकल्याचं रेकॉर्डिंग दोनदा, केंद्रप्रमुखांची मीटिंगही दोनदा, आणि ती तर एकदासुद्धा पुरेसा जाच होती. रेडिओ केंद्रातल्या कॅलेंडरची फाइल त्याने घरच्या कॉम्प्युटरवर, मेलच्या प्रोग्राममध्ये इंपोर्ट केली होती. पहिल्या वेळी काही हललेलं दिसेना, म्हणून धीर न धरता पुन्हा केली. प्रोग्राम बिचारा आज्ञाधारक. त्याने दोन्ही वेळा ऐकलं.

“सगळं पूस. आधी नवीन रिकामं कॅलेंडर उघड आणि त्यात घे,” ती म्हणाली. “तुझं निळं, माझं पिवळं. म्हणजे कुणाचं काय ते कळेल.”

त्याने पुसलं. रविवारची सकाळ होती आणि हे काम उद्यावर टाकण्यासारखं नव्हतं. ती फिजिओथेरपिस्ट. तिच्या क्लिनिकची दुसऱ्या शहरात शाखा निघत होती आणि प्रमुख म्हणून तिला विचारलं होतं. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. काल दोघांची जिन्यात गाठ पडली. तो ड्यूटीवरून येत होता, ती निघाली होती. तेव्हा ती म्हणाली, “नाहीतरी एका घरात राहून आपण फ्रिजवर चिठ्ठ्याच चिकटवतो. दोन गावांत राहिलो तर निदान फोनवर तरी बोलू.”

हे ती हसत म्हणाली. तू जाऊ नकोस, एवढं साधं वाक्य त्याला त्या जिन्यात सुचलं नाही. सुचली ती पैज. आठवड्यातली एक तरी वेळ अशी काढून दाखवतो, की आपण दोघंही मोकळे. सापडली तर तू जायचं नाहीस.

“आणि नाही सापडली तर?”

“तर तुझी बॅग मी भरीन.”

आता ती त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकून बसली होती. निळी फाइल नीट आली. मग पिवळी आली. बघता बघता आठवडा भरून गेला. तो मोकळा असेल तेव्हा तिच्याकडे कुणाचा तरी खांदा, ती मोकळी असेल तेव्हा तो स्टुडिओत. दोघांनी संगनमत करून एकमेकांना चुकवावं, तसा प्रकार होता.

“माझ्याकडे रिकामी जागा राहतच नाही,” ती म्हणाली. “जरा पांढरं दिसलं की रिसेप्शनवाली तिथे पेशंट बसवते.”

तो बुधवारपाशी येऊन थांबला. चार ते सहा. तिथे निळी आणि पिवळी पट्टी शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्ही अगदी एका मापाच्या. दोन्हींवर नाव नव्हतं. खासगी म्हणून ठेवलेल्या वेळांचं नाव फाइलबरोबर येत नाही, नुसतं ‘व्यस्त’ येतं.

निळ्या पट्टीचं गुपित त्याला ठाऊक होतं. बुधवारची दुपारची ड्यूटी संपली की संध्याकाळच्या थेट कार्यक्रमापर्यंत तो सुटायचा. ते दोन तास त्याने तिच्यासाठीच अडवून ठेवले होते. तिला मात्र सांगितलं नव्हतं. सिनेमाला नेतो म्हणून कबूल करून दोनदा ऐनवेळी माती खाल्ली, तेव्हापासून त्याने ठरवलं होतं की आता आधी बोलायचं नाही. ती मोकळी सापडली की सरळ दारात जाऊन उभं राहायचं. म्हणून दर बुधवारी तो क्लिनिकला फोन लावायचा आणि कण्हत्या आवाजात, पाठ धरलेल्या पेशंटसारखा, मॅडमची वेळ मागायचा. रिसेप्शनवाली दर वेळी सांगायची, “बुधवारी चारची वेळ दिलेली आहे हो.” मग तो कँटीनमध्ये चहा पिऊन परत स्टुडिओत जाऊन बसायचा.

आता ती दिलेली वेळ पिवळीधमक होऊन त्याच्यासमोर उभी होती. कुणाचा तरी गुडघा असणार. त्याला त्या गुडघ्याचा मनापासून राग आला.

“हे निळं काय आहे रे?” तिने विचारलं. तिचा आवाज थोडा बदलला होता.

तो आधी चाचरला. मग मनात म्हणाला, काय व्हायचं ते होवो, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. सिनेमाचं, फोनचं, कण्हण्याचंही. सांगताना त्याचे कान लाल झाले. शेवटी काल जिन्यात न सुचलेलं वाक्यही बाहेर पडलं.

“तू जाऊ नकोस. मला करमणार नाही.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तिचे खांदे हलू लागले. तो घाबरला.

“अगं, रडतेस काय? एक मार्ग आहे ना!” तो घाईघाईने म्हणाला. “तुझा तो बुधवारचा पेशंट जो कोण असेल त्याला दुसरा वार दे. मी स्वतः त्याला फोन करतो, पाया पडतो. मला फक्त सांग, कोण आहे तो?”

तिने हात काढले. ती रडत नव्हती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“तूच,” ती म्हणाली. “ती वेळ मीच तुझ्यासाठी अडवून ठेवलीय. आणि शहाण्या, इतक्या महिन्यांत एकदाही आला नाहीस.”